93 टक्के देहबोलीचा मेसेज कृपया पुढे पाठवू नका

माझ्या भाचीची पहिलीच नोकरीची मुलाखत तोंडावर आली आहे. तयारी कुठवर आली म्हणून विचारलं, तर म्हणाली, "मामा, उत्तरांवर वेळ घालवत नाहीये. आरशासमोर बसण्याचा सराव करतेय." मग तिने मला तो मेसेज दाखवला. एव्हाना तो तुमच्याही एखाद्या ग्रुपवर येऊन गेला असेल. त्यातले दावे थोडक्यात असे: निकाल पहिल्या सात सेकंदांत लागतो. समोरच्यावर पडणारा 93 टक्के प्रभाव देहबोलीचा आणि आवाजाचा असतो, शब्दांचा जेमतेम 7 टक्के. अनुभव नसेल तर प्रसंग रचून सांगा, कोणी तपासत नाही. उणीव विचारली तर 'मी परफेक्शनिस्ट आहे' म्हणा. पगाराचा विषय काढू नका. आणि शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का' असं विचारलं, की हसून 'नाही' म्हणा.

मी स्वतः निवडीच्या पॅनलवर बसतो, त्यामुळे हे वाचून गप्प बसवलं नाही.

आधी त्या 93 टक्क्यांचं बघू, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं. हा आकडा अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या 1967 मधल्या दोन प्रयोगांतून आला. त्या प्रयोगांत मुलाखत नव्हती, संभाषण नव्हतं, साधं सलग वाक्यही नव्हतं. एका प्रयोगात सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले गेले. दुसऱ्यात 'कदाचित' या अर्थाचा एकच इंग्रजी शब्द तीन सुरांत ऐकवून सोबत चेहऱ्यांचे फोटो दाखवले. विचारलं इतकंच, की बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी वाटते की नावड? शब्द एक सांगतो आणि सूर किंवा चेहरा दुसरंच, तेव्हा लोक सुरावर आणि चेहऱ्यावर जास्त विश्वास ठेवतात, एवढाच त्याचा निष्कर्ष. दोन्ही प्रयोग जोडून शब्द 7, आवाज 38 आणि चेहरा 55 टक्के असं ते सूत्र तयार झालं; शेवटच्या दोन आकड्यांची बेरीज म्हणजे ते 93. बोलणारा आपल्या भावना किंवा आवडीनिवडी सांगत नसेल, तर ही समीकरणं लागू होत नाहीत, हे खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट लिहून ठेवलं आहे. ज्याचा आकडा, तोच नको म्हणतोय. तरी तो बिनदिक्कत फिरतो आहे.

आणि जरा विचार करा. कितीतरी ठिकाणी पहिली चाळणी फोनवर लागते, तिथे चेहरा दिसतच नाही. तांत्रिक फेरीत समोर प्रोग्राम लिहायला सांगतात, हिशेबाच्या जागेसाठी ताळेबंद पुढे ठेवतात. तिथे ताठ बसून काय होणार? ज्या मुलीने आठवडाभर खांदे आणि हात कसे ठेवायचे याचा सराव केला, तिला "तुमच्या प्रोजेक्टमध्ये हीच पद्धत का निवडलीत?" असं विचारल्यावर सांगायला काहीच नसतं. हे मी समोर बसून पाहिलं आहे, आणि त्या उमेदवारांचा दोष नसतो म्हणूनच जास्त राग येतो.

सात सेकंदांच्या गोष्टीत थोडं तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. पहिली छाप पडते, आणि जिथे मुलाखत म्हणजे नुसत्या मोकळ्या गप्पा असतात तिथे ती निकालापर्यंत टिकतेही. पण सहाशेहून अधिक मुलाखतींच्या 2016 मधल्या एका अभ्यासात पहिल्याच मिनिटात निर्णय झाल्याचं प्रमाण साधारण 5 टक्के निघालं. शिवाय अनेक ठिकाणी आता सगळ्यांना तेच प्रश्न विचारून प्रत्येक उत्तराला गुण देतात. गप्पांपेक्षा अशा मुलाखतीतून पुढचं काम कसं होईल याचा अंदाज बराच चांगला येतो, हे निवडपद्धतींवरच्या संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. वेळेवर जा, नीटनेटके जा, नमस्कार करा. तेवढं पुरे.

आता प्रसंग रचण्याचा सल्ला. हा निव्वळ घातक आहे. पॅनल दोन तऱ्हेचे प्रश्न विचारतं. एक, 'असं झालं तर काय कराल?' इथे कल्पनेला वाव आहे. दुसरा, 'असं झालं होतं तेव्हा तुम्ही काय केलंत?' इथे नाही, कारण खरी परीक्षा पुढच्या उपप्रश्नांत असते. टीममध्ये कोण कोण होतं? त्यातलं तुमचं काम नेमकं कोणतं? विरोध कोणी केला? हा आकडा कुठून आला? रचलेली गोष्ट तिसऱ्या उपप्रश्नाला फाटते. चुकून टिकलीच, तर आधीच्या ठिकाणी चौकशी होते, आणि माहिती खोटी निघाली तर लागलेली नोकरीही जाते. अनुभव नसलेल्यांकडे खरे प्रसंग नसतात असं कुणी सांगितलं? कॉलेजचा प्रोजेक्ट शेवटच्या क्षणी अडला, ऐन कार्यक्रमाच्या दिवशी दोघं आलेच नाहीत, इंटर्नशिपमध्ये चुकीची फाइल गेली आणि ती निस्तरली. असे चार-पाच प्रसंग आठवून लिहून काढा: परिस्थिती काय होती, तुमच्यावर काय होतं, तुम्ही काय केलंत, निष्पन्न काय झालं. बहुतेक प्रश्नांना त्यातलाच एखादा लागू पडतो.

'परफेक्शनिस्ट' हे उत्तर ऐकून ऐकून पॅनलचे कान किटले आहेत. खरी उणीव सांगा, आणि ती कमी करायला काय करताय तेही सांगा. पगाराबद्दल पहिल्याच फेरीत आपणहून बोलू नये, इतपत ठीक. पण त्यांनी अपेक्षा विचारली तर 'तुम्ही द्याल ते' म्हणू नका. त्या कामाला साधारण काय देतात ते आधी शोधून ठेवा आणि किमान-कमाल दोन्ही सांगा.

राहिलं शेवटचं 'नाही'. उमेदवाराला खरंच रस आहे का, हे तिथे दिसतं. पहिल्या सहा महिन्यांत या जागेवरच्या माणसाकडून काय अपेक्षा आहे? काम कोणाच्या हाताखाली करायचं? ही जागा नवी आहे, की कोणी सोडून गेल्यामुळे रिकामी झाली? हे तीन प्रश्न भाचीला लिहून दिले आहेत. तिसऱ्याचं उत्तर देताना समोरचे एकमेकांकडे बघायला लागले, तर नोकरी स्वीकारण्याआधी तिथल्या एखाद्या माणसाशी बोलून घे, हेही सांगितलं आहे.