स्वतःहून मागे लावून घ्यायची ईडी

महाराष्ट्रात ईडी कुणाच्या मागे कधी लागेल याचा नेम नाही. अमेरिकेतल्या कॉलेजांची ईडी मात्र आपण अर्जशुल्क भरून, फॉर्म भरून, सही करून स्वतःच मागे लावून घेतो. अर्ली डिसिजन म्हणतात तिला: एकाच कॉलेजला लवकर अर्ज करायचा, आणि प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं, असा करार. परवाच्या एका मार्गदर्शन शिबिरात (एसी हॉल, सामोसे, गुळगुळीत फोल्डर) व्यासपीठावरून ब्रह्मवाक्य ऐकलं: ‘ईडी लावा, चान्स दुप्पट होतो. पैशांचं नंतर बघू.’ टाळ्याही पडल्या. म्हटलं, या पुण्यकर्मात आपणही खारीचा वाटा उचलावा. तर पालकहो, लिहून घ्या.

घरात पैशाचा विषय काढू नका. मुलीला कॉलेजचा स्वेटशर्ट, ब्रीदवाक्य, हॉस्टेलचा मेन्यू सगळं पाठ असू द्या. बाबा वर्षाला किती भरू शकतात, एवढं सोडून.

‘दुप्पट चान्स’वर डोळे मिटून विश्वास ठेवा. अर्ली फेरीच्या टक्केवारीत प्रशिक्षकांनी आधीच हेरून ठेवलेले खेळाडू असतात, बऱ्याच ठिकाणी माजी विद्यार्थ्यांची मुलं असतात, आणि पूर्ण फी खिशात घेऊन आलेले तर असतातच. पण तो टक्का मदत मागणाऱ्या नाशिकच्या मुलीलाही जसाच्या तसा लागू होतो, असं समजायला काय हरकत आहे?

‘नीड-ब्लाइंड’ (म्हणजे ऐपत न बघता प्रवेश) हा शब्द वेबसाइटवर दिसला की पुढची ओळ वाचू नका. पुढच्या ओळीत बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की ही सवलत अमेरिकन नागरिकांना आणि तिथल्या कायम रहिवाशांना आहे. परदेशी मुलांची ऐपत न बघता प्रवेश देणारी आणि वर पूर्ण गरज भागवणारी कॉलेजं बोटांवर मोजण्याइतकी. त्यांतली हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि एमआयटी बंधनकारक ईडी ठेवतच नाहीत. त्यांची अर्ली फेरी असते, पण होकार आला तरी मे महिन्यापर्यंत विचार करता येतो. ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडिन, ब्राउन इथे ईडी आहे. बाकी जवळपास सगळीकडे तुम्ही मागितलेला प्रत्येक डॉलर तुमच्या मार्कांशेजारी ठेवून तोलला जातो.

सीएसएस प्रोफाइल, म्हणजे आर्थिक मदतीसाठी घरचं उत्पन्न आणि मालमत्ता सांगायचा फॉर्म, शेवटच्या आठवड्यात भरा. हा फॉर्म 1 ऑक्टोबरला उघडतो. पहिल्या कॉलेजला 25 डॉलर, पुढच्या प्रत्येकाला 16. ईडीची मुदत बहुतेक ठिकाणी 1 नोव्हेंबर. त्याच सुमारास दिवाळी, आणि 31 ऑक्टोबरला ऑडिटवाल्यांच्या रिटर्नची शेवटची तारीख, म्हणजे तुमचे सीए आधीच फायलींखाली गाडलेले. हीच त्यांना फोन करायची उत्तम वेळ. फॉर्ममध्ये आकडे आपल्या चलनात मागतात. तुम्ही उत्साहाने डॉलरमध्ये करून लिहा, म्हणजे 18 लाखांचं उत्पन्न एकवीस हजार रुपये दिसेल आणि खुलाशाचे मेल डिसेंबरपर्यंत चालतील. सातबाऱ्यावर आजोबांच्या मागे पाच वारस असतील तर आपला हिस्सा काढत बसू नका, सगळी जमीन स्वतःच्या नावावर दाखवा. घराची आजची किंमत सोसायटीतल्या एजंटाला विचारून फुगवून लिहा. काही कॉलेजं घरात अडकलेला पैसाही तुमची ऐपत म्हणून मोजतात. बाबांची नोकरी गेली, आजीचं ऑपरेशन झालं, हे लिहायला फॉर्ममध्ये वेगळी जागा असते. ती कोरी ठेवा. आपल्यात रडगाणं गात नाहीत.

वडिलांना मारू नका. (एका भारतीय विद्यार्थ्याने वडील हयात असताना त्यांचा बनावट मृत्यूदाखला देऊन मदत मिळवली होती. 2024 मध्ये प्रकरण अटकेपर्यंत गेलं.)

आता सगळ्यात मौल्यवान टिप. अर्जात विचारतात, आर्थिक मदत हवी का? तिथे ‘नाही’ लिहा. शिबिरातला गुरुमंत्र हाच: एकदा आत शिरलं की मागता येतं! काय मागता येतं? अनेक कॉलेजांचा परदेशी विद्यार्थ्यांसाठी साफ नियम आहे: प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नाही, तर पुढची चारही वर्षं मागता येणार नाही. त्यांच्याच पानावर लिहिलेला नियम आहे, दडवलेला नाही. मोठ्या खासगी कॉलेजांचा खर्च वर्षाला 90 हजार डॉलरच्या आसपास. चार वर्षांचे 3 लाख 60 हजार. डॉलरला 85 रुपये धरले तरी 3 कोटींच्या वर, आणि फी दर वर्षी वाढते ती वेगळी. फाफसा हा फॉर्म भरून मिळणारी अमेरिकेची सरकारी मदत भारतीय नागरिकाला नाही. व्हिसाआधी आय-20 हा कॉलेजने दिलेला कागद हवा, आणि त्यासाठी पहिल्या वर्षाचा पैसा कागदावर दाखवावा लागतो. तो कुठून आणणार? मामाच्या एफडीतून? आणि ‘नाही’ वर टिक केलेली असल्यामुळे ‘मदत कमी पडली’ म्हणून ईडीतून सुटायची वाटही बंद. कारण मदत तुम्ही मागितलीच नव्हती! मुलगी, आईबाप आणि शाळेचे समुपदेशक अशा तिघांची करारावर सही. याद्या न करताच अक्षता टाकल्यात, आता कोणाच्या नावाने बोटं मोडणार?

मदत मागूनही कमी मिळाली तर करार सोडता येतो, हे खरं आहे. फक्त किती म्हणजे कमी, हे कॉलेजचं सूत्र आधी ठरवतं. कॉलेजला लेखी कळवा, आकड्यांसह फेरविचार मागा. तरी जमलं नाही तर लेखी सुटका घ्या. निकाल डिसेंबरच्या मध्याला, रेग्युलर फेरीची मुदत 1 जानेवारीच्या आगेमागे. हातात जेमतेम पंधरा दिवस. तेव्हा बाकीचे दहा अर्ज आधी लिहून ठेवू नका, उगाच अपशकुन होतो.

पुरे झालं. उपरोध करायलाही आता त्राण नाही.

ईडीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हातची जाते, ती म्हणजे चार ठिकाणच्या मदतीचे आकडे शेजारी ठेवून बघणं. ज्याला पैशाची चिंता नाही, त्याचं यात काही जात नाही. हे विद्यापीठांनाही ठाऊक आहे. अर्लीचा फायदा सुस्थितीतल्यांनाच होतो असं सांगून हार्वर्ड आणि प्रिन्स्टनने 2006 मध्ये अर्ली फेरी बंद करण्याचं जाहीर केलं, आणि 2011 मध्ये दोघांनीही परत सुरू केली. त्यांचा धंदा त्यांना समजतो. तुम्हाला का समजू नये?

पूर्ण गरज भागवणारं, परदेशी मुलांसाठी वेगळा पैसा ठेवणारं, ऐपतीत बसेल अशी खात्री झालेलं एखादं कॉलेज असेल तर ईडी जरूर लावा. नोव्हेंबरात मदतीची थैली अजून भरलेली असते. पण खात्री आधी करा. मदत कचेरीला सप्टेंबरातच मेल टाका, परदेशी मुलांना ईडीत किती मदत देता, विचारा. उत्तर देतात ती माणसं. कॉलेजच्या वेबसाइटवर प्रत्यक्ष खर्चाचा अंदाज देणारा नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, त्यावर विसंबू नका, तो बहुधा अमेरिकन कुटुंबांसाठी बेतलेला असतो. आणि बाबा, मुलीला खरा आकडा सांगा. सतरा वर्षांची आहे, कॅल्क्युलस येतं तिला, वजाबाकीही येईल.

आणि लाखांत फी घेणारे मार्गदर्शक, तुम्हाला लाज वाटायला हवी. तुमच्या जाहिरातीत ‘प्रवेश मिळाला’ची यादी असते, त्यांतले किती जण पैशाअभावी गेलेच नाहीत, ती यादी कुठेय? मुलीच्या करारातलं ‘बंधनकारक’ तुम्ही स्लाइडवर पुटपुटत उरकता. स्वतःच्या पावतीवर मात्र ‘फी परत मिळणार नाही’ हे ठळक अक्षरात छापायला विसरत नाही.