गुळवेलीचा काढा आणि मावशीचा आमवात

"आमवात, थायरॉईड, लहान मुलांचा डायबेटिस, सगळ्यांचं मूळ एकच: कमी झालेली इम्युनिटी. शरीर स्वतःवर हल्ला करतं ही औषध कंपन्यांची थाप. मेथोट्रेक्सेट कॅन्सरची गोळी आहे, बंद करा. रोज गुळवेलीचा काढा घ्या, पोट साफ ठेवा." हा मेसेज आमच्या ग्रुपवर कितीदा येऊन गेला, मी सोडून दिला. आता तो वाचून मावशीने गोळी थांबवली आहे आणि सकाळी तिला मूठ मिटता येत नाही.

आधी ती "थाप". टी पेशी म्हणजे रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी. त्या तयार होताना कोणती पेशी काय ओळखणार हे ठरलेलं नसतं, त्यामुळे आपल्याच अवयवांवर उठणाऱ्या पेशीही निपजतात. छातीच्या हाडामागे थायमस ग्रंथी असते. तिथे इन्सुलिनसारखी इतर अवयवांची प्रथिनंही थोडीथोडी बनतात आणि त्यांना घट्ट चिकटणाऱ्या बऱ्याचशा पेशी तिथेच मारल्या जातात. काही निसटतातच. जन्मून तीन दिवस झालेल्या उंदरांचं थायमस काढलं, तर टी पेशी कमी होऊन हल्ला थंडावायला हवा होता. उलट उरलेल्या पेशी त्यांच्याच थायरॉईडवर, अंडाशयावर तुटून पडल्या. निरोगी उंदरांच्या टी पेशी टोचल्यावर ते टळलं. म्हणजे आवरणाऱ्या पेशीही असतात. त्या शिमोन साकागुचींनी 1995 साली दाखवून दिल्या. 2001 मध्ये मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांना फॉक्सपी3 हे जनुक सापडलं, या आवरणाऱ्या पेशींना लागणारं. ते बिघडलेल्या मुलग्यांना तान्हेपणीच डायबेटिस, जुलाब, त्वचेचे विकार होतात. या बाळांना कुठल्या कंपनीने थाप मारली? तिघांना 2025 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच कामासाठी.

इम्युनिटीत काही कमी असेलच, तर ते या आवरणाऱ्यांचं बळ. घरच्यांनाच चावणाऱ्या राखणीच्या कुत्र्याचा खुराक वाढवून काय साधणार?

आणि गुळवेल. 2021 साली मुंबईच्या डॉक्टरांनी ती घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या 6 रुग्णांची नोंद छापली. लक्षणं ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखी, म्हणजे शरीराने स्वतःच्याच यकृतावर हल्ला केल्यासारखी. वनस्पती भलतीच असेल, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. पुढच्या वर्षी देशातल्या 13 केंद्रांमधून असेच 43 रुग्ण नोंदले गेले. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांना यकृतासाठी अधूनमधून रक्त तपासावं लागतं, त्यात वर हा काढा कशाला?

हो, मेथोट्रेक्सेट कॅन्सरमध्येही देतात. डोस पुष्कळ मोठा असतो. आमवातात ती आठवड्यातून एकदाच, थोडी.

पोटाचं म्हणणं अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य. आतड्यातले जीवाणू चोथ्यापासून जी आम्लं बनवतात, त्यांनी उंदरांत नियामक, म्हणजे त्याच आवरणाऱ्या, टी पेशी वाढलेल्या दिसल्या आहेत. भाकरी, उसळ खुशाल खा, गोळीसोबत.

लहान मुलांचा डायबेटिस मात्र त्या यादीत घुसडणाऱ्याला माफी नाही. हे वाचून कुणी मुलाचं इन्सुलिन थांबवलं, तर काही दिवसांतच त्याच्या जिवावर बेतेल. आपल्या ग्रुपवर आला असेल तर निदान पुढे पाठवू नका.