‘क्लेच्या नावाखाली मैदा-मीठ, वर बाईंची बोलणी’ या रिव्ह्यूला माझं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू बुधवारी रात्री वाचला. लगेच लिहायला बसले होते, पण यजमान म्हणाले, आत्ता नको, सकाळी लिही. म्हणून आज लिहितेय.

तुमचा आणि तुमच्या मुलाचा हिरमोड झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागते. घरी नेलेली क्ले तिसऱ्या दिवशी चिकट झाली, त्यात माझी चूक आहे आणि ती मी खाली कबूल केली आहे. पण ‘जेमतेम दहा मिनिटं उशीर झाला, तर बाईंनी मुलाला कढईजवळ फिरकू दिलं नाही’ हे मात्र मनाला लागलं. इथे येणारे नवे पालक आधी हेच वाचणार, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मुलांना घरच्या घरी खेळायची क्ले करायला शिकवायचा माझा रविवारचा वर्ग अकराचा होता. ‘ठाण्याहून गाडी मिळाली’ हा तुमचा मेसेज मला ११ वाजून २ मिनिटांनी आला. तुम्ही दारात आलात तेव्हा ११:३८ झाले होते. ठाण्याहून डोंबिवलीला दहा मिनिटांत आणणारी लोकल अजून सुरू झालेली नाही. रविवारी मेगाब्लॉक असतो हे मला ठाऊक आहे, मीही याच लाइनवर पंचवीस वर्षं काढली आहेत. उशिराबद्दल मी एक शब्द बोलले नाही, पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं. पण ३८ मिनिटांची दहा मिनिटं होतात तेव्हा वाईट वाटतं.

वेळेचा एवढा बाऊ का, हेही सांगते. तुम्ही मोदक करत असाल तर लगेच लक्षात येईल. आपली क्ले म्हणजे जवळजवळ उकडच. एक वाटी मैद्याला अर्धी वाटी मीठ, एक वाटी पाणी, चमचाभर तेल आणि दोन लहान चमचे क्रीम ऑफ टार्टर (केक-बिस्किटांत घालतात ती आंबट पांढरी पूड). मीठ आधी पाण्यात विरघळेल तेवढं विरघळवायचं, नाहीतर क्ले फार रवाळ होते. मग मंद आचेवर ढवळत राहायचं. मैद्यातला स्टार्च गरम झाला की पाणी धरून ठेवतो, पातळ मिश्रण बघता बघता कडा सोडतं आणि गोळा होतो. तो गोळा हाताला सोसेल इतपत गरम असतानाच मळावा लागतो, गार झाल्यावर कितीही जोर लावा, गुळगुळीत होत नाही. मोदकाची उकड अर्ध्या तासानं मळायला घेतली तर पारी चिरते, तसंच हे. आठ मुलांचं मिश्रण ११:२० ला गॅसवर जातं. ते कोणासाठीही थांबवता येत नाही, थांबवलं तर उरलेल्या सात जणांचं वाया जातं.

कढईजवळ मी कुठल्याच मुलाला येऊ देत नाही, वेळेवर आलेल्यांनाही नाही. ढवळायचं काम माझं, मोजायचं, कालवायचं, रंग घालायचं आणि मळायचं काम मुलांचं. तुमच्या मुलानं आल्या आल्या कढईच्या काठाला हात घातला, तेव्हा माझा आवाज चढला हे खरं आहे. त्याबद्दल पुन्हा सॉरी. बावीस वर्षं बालवाडीत शिकवलंय, पण गरम लोखंड आणि चार वर्षांचा हात एकत्र दिसले की माझा आवाज अजूनही चढतो.

आणि जे तुमच्या रिव्ह्यूत कुठेच आलं नाही ते असं, की बाकीच्यांचं मळून झाल्यावर मी तुमच्या मुलासाठी अर्ध्या वाटीचं वेगळं मिश्रण केलं. त्यानं स्वतः मोजलं, मीठ विरघळवलं, निळा रंगही त्यानंच निवडला. त्या क्लेची त्यानं लोकल केली, सहा डब्यांची, आणि गार्डाचा डबा वेगळ्या रंगाचा हवा म्हणून शेजारच्या मुलीकडून पिवळा तुकडा मागून घेतला. निघायची वेळ झाली तरी तो उठायला तयार नव्हता. हे लिहिलं असतंत तर मला बरं वाटलं असतं.

आता माझी चूक. हे वेगळं मिश्रण १२:०५ ला उतरलं, सव्वाबाराला वर्ग संपला, साडेबाराची दुसरी तुकडी दारात उभी होती आणि तुम्हाला गाडी गाठायची होती. त्या गडबडीत गोळा कोमट असतानाच डब्यात गेला. बंद डब्यात त्याची वाफ धरली, झाकणाचं पाणी खाली उतरलं. त्यात हे पावसाळी दिवस. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, मिठाच्या बरणीला आषाढात पाणी सुटतं ते आपण बघतोच, आणि या क्लेत मीठ भरपूर असतं. घरी गेल्यावर झाकण तासभर उघडं ठेवा, एवढं मी सांगायला हवं होतं. राहिलं. बाकी मुलांचे गोळे गार करून दिले होते, त्यांच्याकडून तक्रार आलेली नाही.

हाताला झोंबलं असंही लिहिलंत. बोटाला चीर किंवा खरचटलेलं असेल तर मीठ झोंबतंच. ही सूचना मी पहिल्या दहा मिनिटांत देते. गव्हाची अ‍ॅलर्जी आहे का ते विचारते, तोंडात घालू नका म्हणते, घरात कुत्रा असेल तर क्ले त्याच्यापासून लांब ठेवा, एवढं मीठ कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं, हेही सांगते. ती दहा मिनिटं तुमची चुकली. तुम्ही आल्यावर मी ती पुन्हा सांगायला हवी होती, हे मान्य आहे.

पैशांबद्दल फार लिहीत नाही. ४५० रुपयांत मैदा-मीठच मिळालं, त्यापेक्षा दुकानातला डबा बरा, असं तुमचं म्हणणं. दुकानातली प्ले-डो हीसुद्धा मुख्यतः गव्हाचं पीठ, पाणी आणि मीठच आहे. १९५६ मध्ये ती खेळणं म्हणून बाजारात आली, त्याआधी अमेरिकेत तसलाच लगदा वॉलपेपरवरची काजळी पुसायला विकत. आपल्याकडे तर पोळ्या लाटता लाटता आई कणकेची चिमणी करून हातावर ठेवायची, तिचे कुणी पैसे मोजले नाहीत. मी पैसे घेते ते सव्वा तासाचे, आठच मुलं घेण्याचे आणि नंतर फरशी खरवडण्याचे.

तुमच्या रिव्ह्यूनंतर येत्या रविवारची दोन नावं रद्द झाली. यात तुमचा दोष आहे असं म्हणत नाही, पण आठातली दोन गेली की माझ्यासारखीला ते जाणवतं. पेन्शन नाही, हा वर्गच आहे.

बदलांचं म्हणाल तर सूचनांचा एक कागद छापून प्रत्येक डब्यासोबत द्यायचा विचार आहे, बहुतेक गणपतीच्या आधी होईल. उशिरा येणाऱ्यांसाठीही काहीतरी व्यवस्था बघते. पावसाळ्यात मीठ थोडं कमी करून पाहावं का, तेही डोक्यात आहे, पण मीठ कमी केलं तर बुरशी लवकर धरते, तेव्हा ते जपूनच.

तुमच्याकडची क्ले अजून टाकली नसेल आणि तिला कुबट वास येत नसेल, तर चमचाभर मैदा भुरभुरवून मळा, सावरेल. नाहीतर पुढच्या बुधवारी चिरंजीवांना घेऊन या, नवीन करून देते, पैसे नकोत. पूर्ण रक्कम परत हवी असेल तर तीही देईन, फक्त मला मेसेज करा. बुधवारी वर्ग नसतो, त्यामुळे चारनंतर कधीही आलात, अगदी उशिरा आलात, तरी चालेल.