ओव्हन तापत नाही म्हणजे कॉइलच गेली, असे नाही

ओव्हन तापेनासा झाला की हमखास पुढे पाठवला जाणारा एक सल्ला आहे. तो थोडक्यात असा: आतला दिवा लागतो आणि पंखा फिरतो, त्याअर्थी वीजपुरवठा व्यवस्थित आहे, कॉइल लाल होत नसेल तर ती जळाली असे समजावे, मीटर (मल्टिमीटर) लावत बसू नये, नवी कॉइल आणून बसवावी, आणि तेवढ्यानेही काम झाले नाही तर मागचा कटआउट, म्हणजे ओव्हन अति तापल्यास वीज तोडणारा सुरक्षा-स्विच, डायरेक्ट करून टाकावा, म्हणजे तो वगळून तारा थेट जोडाव्यात. कॉइल जाणे हा ओव्हनच्या नेहमीच्या बिघाडांपैकी एक असल्यामुळे हा सल्ला कित्येकदा लागू पडतो आणि त्याच बळावर तो फिरत राहतो. परंतु त्यातील विधाने सुटी करून तपासली तर एकही पुरते टिकत नाही, आणि शेवटचे तर सरळसरळ धोक्याचे आहे.

दिवा लागणे हा पुरवठा ठीक असल्याचा पुरावा होऊ शकत नाही. ओव्हनचा दिवा साधारण 25 वॉटचा असतो, तर कॉइल 2000 वॉटच्या आसपासची. म्हणजे 230 व्होल्टवर दिव्याला सुमारे 0.1 अँपिअर पुरतात आणि कॉइलला जवळजवळ 9 अँपिअर लागतात. सैल झालेल्या किंवा जळून काळ्या पडलेल्या टर्मिनलमधून दिव्यापुरता प्रवाह सहज जातो, पण कॉइलचा भार पडताच त्याच जागी व्होल्टेज खाली येते; तापवण्याचे बटण फिरवल्यावर दिवा मंदावत असेल तर संशय आधी याच जोडणीवर घ्यावा. उत्तर अमेरिकेत तर हा तर्क मुळातच चालत नाही, कारण तेथील विजेच्या ओव्हनची कॉइल 240 व्होल्टवर, दोन फेजच्या तारांमध्ये जोडलेली असते, आणि दिवा बहुधा त्यांपैकी एकाच तारेवर 120 व्होल्टने चालतो. दुसरी तार तुटली तरी दिवा लखलखीत लागतो आणि ओव्हन थंडच राहतो.

याच ठिकाणी सल्ला देणाऱ्यांनी एक अगदी साधी गोष्ट गाळली आहे. अनेक ओव्हन, वीज जाऊन आल्यानंतर घड्याळाची वेळ पुन्हा लावेपर्यंत तापतच नाहीत; पडद्यावर आकडे लुकलुकत असतात आणि आपण मात्र कॉइलच्या किमती पाहत असतो. टायमर ऑटोवर राहिला असेल, तरीही हाच अनुभव येतो. काही मॉडेलमध्ये दुकानातील प्रदर्शनासाठी डेमो मोड दिलेला असतो. त्यात दिवा, पंखा, पडदा सर्व काही चालते, फक्त उष्णता मुद्दाम बंद ठेवलेली असते. हे तपासायला पेचकससुद्धा लागत नाही.

आता कॉइल लाल होण्याविषयी. पंख्याच्या ओव्हनमधील गोल कॉइल मागच्या पत्र्याआड असते आणि खालची कॉइल बऱ्याच ओव्हनमध्ये तळाच्या पत्र्याखाली असते, त्यामुळे त्या लाल झाल्या काय आणि न झाल्या काय, बाहेरून दिसण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय धातू अंधारातही सुमारे 525 अंश सेल्सिअसच्या पुढेच डोळ्यांना लाल दिसू लागतो; त्याखालची कॉइल काळीच दिसते, पण हात लावला तर भाजेल. आतील निक्रोमची (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची) तार मॅग्नेशियम ऑक्साइडच्या भुकटीत दाबून धातूच्या नळीत बसवलेली असते, म्हणून ती तुटली तरी नळी वरून धड दिसू शकते.

येथे मीटरला पर्याय नाही. ओव्हनचा पुरवठा मेन स्विचवरून बंद करावा (केवळ बटण शून्यावर आणून चालत नाही, कारण काही ओव्हनमध्ये त्याने एकाच तारेची जोडणी तुटते आणि कॉइलमध्ये वीज राहू शकते), कॉइलची किमान एक तार सोडवावी आणि दोन टोकांमधील रोध मोजावा. व्होल्टेजच्या वर्गाला वॉटने भागले की अपेक्षित आकडा मिळतो: 230 व्होल्ट आणि 2000 वॉट असतील तर सुमारे 26 ओहम. मीटरने काहीच जोड दाखवला नाही, तर कॉइल गेली. आकडा जुळला, तर ती शाबूत आहे आणि नवी आणूनही ओव्हन थंडच राहणार आहे. तार न सोडवता मोजल्यास दुसऱ्या कॉइलमधून वाट मिळून खोटा आकडा येऊ शकतो, आणि मग मीटरलाच दोष दिला जातो.

गॅसच्या ओव्हनमध्ये हाच नियम उलटा लावून आणखी फसगत होते: इग्नायटर (गॅस पेटवणारा भाग) लाल झाला, म्हणजे तो चांगला. ज्या ओव्हनमध्ये तापणारा इग्नायटर आणि गॅसचा सेफ्टी व्हॉल्व्ह एकाच मालिकेत जोडलेले असतात, तेथे पुरेसा प्रवाह वाहिल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडत नाही. जुना झालेला इग्नायटर लाल तर होतो, पण त्याचा रोध वाढल्यामुळे प्रवाह कमी पडतो. तो दीड-दोन मिनिटे लाल राहूनही बर्नर पेटत नसेल, तर संशयित तोच असतो, व्हॉल्व्ह क्वचित. गॅसचा वास येत असेल तर मात्र तपासणी तिथेच थांबवून गॅस बंद करावा.

कॉइल शाबूत निघाल्यावर उरतात ते सिलेक्टर स्विच (कोणती कॉइल चालवायची ते निवडणारे बटण), थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला कॉइल चालू-बंद करणारा भाग) आणि कंट्रोल बोर्डावरील रिले (विजेने चालणारा स्विच). इलेक्ट्रॉनिक ओव्हनमध्ये त्यांत तापमानाच्या सेन्सरची भर पडते. तो प्लॅटिनमचा, 0 अंशांना 1000 ओहमचा असेल तर 20 अंशांना जवळपास 1078 ओहम दाखवतो.

राहिला कटआउट. ओव्हनच्या बाहेरच्या बाजूचे तापमान मर्यादेबाहेर गेले की तो सर्किट तोडतो, आणि असे होण्याची कारणे म्हणजे थंड करणारा पंखा बंद पडणे, हवेची वाट झाकली जाणे किंवा थर्मोस्टॅट चिकटून कॉइल सतत चालू राहणे. डायरेक्ट केल्यावर ओव्हन तापतो हे खरे. पण मूळ कारण तसेच राहते आणि आता ते अडवणारे काही उरत नाही, तेव्हा लाकडी कपाटात बसवलेल्या ओव्हनभोवती काय होऊ शकते हे वेगळे सांगायला नको. ज्या कटआउटवर लहान बटण असते तो गार झाल्यावर दाबून पूर्ववत होतो. तो पुन्हा उडाला, तर प्रथम थंड करणारा पंखा फिरतो का ते पाहावे, मग थर्मोस्टॅटचे संपर्क शून्यावर उघडतात का ते मोजावे. दोन्ही ठीक असूनही तो उडतच राहिला तरच कटआउट बदलावा, आणि तोही त्याच तापमानाचा असावा.