बर्लिनचं उदाहरण देऊ नका

भावंडांच्या ग्रुपवर परवा पुन्हा वाड्यांवरून जुंपली. नारायण पेठेत आणखी एक वाडा पाडल्याचा फोटो आला, त्याखाली मी लिहिलं, 'चाललं पुणं.' चुलतभाऊ लगेच: "अरे, बर्लिन तर युद्धात अख्खं पडलं. तरी बर्लिनच राहिलं ना? मग आम्हीच का बसायचं ओसरीवर, तू सुट्टीत येऊन फोटो काढावेस म्हणून?"

शेवटचं वाक्य लागलं. म्हणून पहिल्यावरून भांडतो.

अख्खं नाही पडलं. मी राहतो ते बर्लिनच्या प्रेन्झ्लाउअर बेर्ग भागातलं आमचं घर १९०४ सालचं. मागच्या चौकातला आल्टबाऊ, म्हणजे जुन्या बांधणीची इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बर्लिनची भिंत पडेपर्यंत इथे कोळशाच्या भट्ट्या होत्या आणि संडास जिन्याच्या अर्ध्यावर, दोन बिऱ्हाडांत एक. म्हणजे वाडाच की! मग त्यांनी संडास आत घेतले, नळ बदलले, भिंती ठेवल्या. आज असं घर बघायला गेलात तर जिन्यात रांग असते.

भाऊ म्हणेल, तिथल्या भिंती पक्क्या विटांच्या. खरं आहे. आमच्या मातीच्या, १२ जुलै १९६१ला पानशेतचं पाणी शिरलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतले किती वाडे जागच्या जागी बसले. त्यात भाडेकरू महिन्याला पंचवीस रुपये देणार, मालकीत सतरा नावं. पावसाळ्याआधी कौलं कोण परतणार?

बरं, इथलेही फार शहाणे आहेत असं नाही. शहराच्या मधोमध राजवाडा होता, तो पूर्व जर्मनीच्या सरकारनं १९५०मध्ये सुरुंग लावून उडवला. त्या जागी १९७६मध्ये 'प्रजासत्ताकाचा महाल' उघडला. जर्मनी एक झाल्यावर तोही पाडला, आणि आता पुन्हा राजवाडा उभा: तीन बाजूंनी हुबेहूब जुना, नदीकडून सपाट नवा. मला तो गणपतीतल्या मंडळाच्या देखाव्यासारखा वाटतो, फक्त विसर्जन नाही. शनिवारवाडा १८२८ला जळला, आपण नुसतं जोतं ठेवलं. शहाणपण म्हणा की आळस, मी जोत्याच्या बाजूचा.

पण भिंत जिथून जायची तिथे रस्त्यात दगडांची दुहेरी ओळ आहे, सायकल त्यावरून खडखडत जाते. दारांसमोर फरशीत पितळी ठोकळे, त्या घरांतून नाझींनी नेलेल्यांची नावं त्यांवर. पाडलं, नेलं, ते कबूल करायची इथे पद्धत आहे. आमच्याकडे वाडा गेला तिथे 'हाइट्स' आली, आणि हौद होता तिथे पार्किंग.

तर कबूल करतो. आमच्या वाड्याच्या कुलमुखत्यारपत्रावर माझीही सही आहे. टिअरगार्टेनश्ट्रासेवरच्या दूतावासात, पाच मिनिटांत केलेली. बिल्डरकडून माझ्या वाट्याला आलं ते सगळं या आल्टबाऊत गेलं, कर्ज काढायच्या आधी भरावे लागतात ते पैसे म्हणून. ग्रुपवर ते अजून कोणी काढलेलं नाही. भाऊ सभ्य आहे.