आता बसता ना त्याच मेट्रोत?

मुंबईची मेट्रो ३, जिच्या कारशेडसाठी आरेच्या जंगलातली झाडं तोडायला आम्ही विरोध केला होता, ती धावू लागल्यापासून आमच्या नात्यात एकच टोमणा फिरतोय. "आरे वाचवणारे कुठे गेले? आता बसता ना त्याच मेट्रोत?" माझ्यासाठी वर मावसभावाची पुरवणी : "तू टोकियोत. तुला काय कळणार?"

मला नाही तर कुणाला कळणार! मी तामा न्यू टाउनमध्ये राहते, टेकड्या कापून वसवलेलं टोकियोचं उपनगर. इसाओ ताकाहातांचा 'पोम पोको' (१९९४) हा अॅनिमेशनपट याच टेकड्यांवर घडतो. रूप पालटू शकणारे तानुकी, म्हणजे कोल्ह्याच्या कुळातले जपानी रानप्राणी, बुलडोझरशी लढतात. शिकोकू बेटावरून बुजुर्ग तानुकी आणून भुतांची अख्खी मिरवणूक काढतात, आणि एक थीम पार्कवाला ती आपलीच जाहिरात म्हणून खपवतो. आपल्या 'दिल्ली सफारी'तले (२०१२) प्राणी थेट संसदेत जाऊन गाऱ्हाणं मांडतात. केवढा तो विश्वास! तानुकी मात्र हरतात.

हरले म्हणून त्यांचं म्हणणं खोटं ठरतं का? इथल्या केइओ रेल्वेलाइनने मीही रोज जाते, आणि मला ती आवडते. राग मेट्रोवर नव्हताच. ऑक्टोबर २०१९मध्ये हायकोर्टाने याचिका फेटाळल्या त्याच रात्री करवती चालल्या. सुप्रीम कोर्टाने थांबवेपर्यंत दोन हजारांवर झाडं गेली होती. इथे जपानात असं रात्रीत उरकत नाहीत, हे मी ऐटीत सांगते. संगीतकार रयुइची साकामोतोंनी मृत्यूआधी टोकियोच्या राज्यपालांना पत्र लिहूनही टोकियोतल्या जिंगू गाइएन या हिरव्या परिसरात २०२४ला झाडं पडू लागली, हे मात्र फॅमिली ग्रुपवर टाकलेलं नाही.

शेवटी ज्यांना जमतं ते तानुकी माणूस होऊन नोकरी धरतात. सूट घालून गर्दीच्या गाडीत उभे, डोळ्यांखाली काळं. लोक याला निसर्गाचा सिनेमा म्हणतात. म्हणोत. ऑफिसात मीही बेताने वाकते, हळू बोलते, कुणाला माझा त्रास होऊ देत नाही. घरी आईचा फोन आला की आवाज असा चढतो की माझी मीच दचकते. रूप पालटता येणं हीसुद्धा चैनच. आरेच्या पाड्यांवर वाघोबाला पुजणाऱ्या वारल्यांनी कोणतं रूप घ्यायचं?

मावसभाऊ म्हणतो, एवढं वाटतं तर परत ये. येईनही. ठाण्यात फ्लॅट घेऊन ठेवलाय, घोडबंदर रोडला, नॅशनल पार्कच्या अंगाने. गॅलरीतून जंगल दिसतं म्हणून बिल्डरने जास्त पैसे लावले. आम्ही दिले.