शेंडा गेला शिलाईत

मे महिन्यात मास्तरला घरी ठेवू नये. शाळा बंद, बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि बोलायला समोर वर्ग नाही. मग तो बायकोच्या कामात लक्ष घालतो.

आमच्या हिच्या बचत गटाकडे एका गोधडीचं काम आलं होतं. नेहमीची वाकळ नव्हे. शहरातल्या कुण्या बाईंनी फोनवर नमुना पाठवला होता. 12 इंचाचे 20 चौकोन आणि दर चौकोनात एक झाड. गटात बाया दहा, म्हणजे एकीच्या वाट्याला दोन झाडं. नमुना मीही पाहिला. तीन त्रिकोण एकावर एक, खाली बुंध्याचा आयत, बाजूला पांढरं आभाळ. एकोणीस वर्षं गणित शिकवतोय मी. तोंडातून निघून गेलं, "यात काय आहे? सातवीतलं पोरगं करेल."

ही सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, काड्या निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग एक तुमीच करा."

पलीकडे माय वाती वळत बसली होती. ती नुसती हसली. त्या हसण्याचा अर्थ मला चौथ्या दिवशी कळला.

सामान घरातलंच. पानांसाठी मायचं जुनं हिरवं लुगडं, आभाळासाठी मांजरपाट आणि बुंध्यासाठी माझी एक निवृत्त खाकी पँट. मी वहीत आकृती काढली. त्रिकोणाचा एक मजला 3 इंच उंच, 6 इंच रुंद. असे तीन मजले, म्हणजे 9 इंच. बुंधा 3 इंच. झाले 12. आडवे 6, दोन्ही बाजूंना तीन-तीन इंचांच्या पट्ट्या, झाले 12. बुंधा 2 इंच रुंद, त्याच्या अल्याड-पल्याड पाच-पाच. पुन्हा 12. तिन्हीकडून बेरीज जुळली. परीक्षेत अशा उत्तराला मी पैकीच्या पैकी देतो.

आता मजला शिवायचा कसा? हिनं सांगितलेली रीत अशी : हिरवा आयत घ्यायचा, त्याच्या एका टोकाला पांढरा चौकोन ठेवायचा, चौकोनाच्या कर्णावरून शिलाई मारायची, बाहेरचा कोपरा कापून टाकायचा आणि पांढरं कापड उलटवायचं. दुसऱ्या टोकालाही तसंच. मधे आपोआप हिरवा त्रिकोण उरतो. एकूण तुकडे चौदा.

वर्गातल्या खडूनं आणि शाळेतल्या फूटपट्टीनं मी ते चौदा तुकडे कापले, क्रमानं पलंगावर मांडले आणि कौतुकानं बघायला दोन पावलं मागे सरलो. तेवढ्यात पोरानं कूलर सुरू केला. आभाळ पलंगाखाली गेलं, बुंधा मायच्या वातींत सापडला, आणि एक हिरवा आयत थेट अंगणात, शेळीसमोर. शेळीनं तो हुंगला आणि सोडून दिला. तिला ते झाड वाटलं नाही, ही पहिली प्रतिक्रिया.

मशीन हिच्या लग्नातली, पायानं चालणारी. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, पाय हलवला की शिलाई होते. पाय हलतो, पण चाक कुणीकडे फिरेल हे चाकच ठरवतं. उलटं फिरलं की दोरा तुटतो. दोरा तुटला की सुईत ओवायचा. ओवायला चष्मा काढायचा, नेढं शोधायला घालायचा. दोऱ्याला थुंकी लावायची, नेम धरायचा, आणि दोरा नेढ्यात शिरणार तोच लाइन जायची. आमची शकुंतला रेल्वे चालायची ना, आर्वी-पुलगाव? माझी शिलाई तशी चालली होती : हळू, आवाज करत, आणि मनाला येईल तिथं थांबत. शकुंतला निदान रूळ सोडत नव्हती.

संध्याकाळी तिन्ही मजले एकमेकांना जोडले आणि बाजूच्या 9 इंची पट्ट्या लावायला घेतल्या. पट्ट्या एक इंच लांब निघाल्या. मला वाटलं, कापताना चूक झाली. कात्रीनं तेवढं उडवलं आणि पुढं शिवत गेलो. पूर्ण झाल्यावर मोजलं, तर 12 इंचाचं झाड रुंदीला 11 आणि उंचीला साडेदहा. पुन्हा मोजलं. फूटपट्टी बदलून मोजलं. शिवाय खालच्या दोन त्रिकोणांचे शेंडे गायब. एखाद्यानं पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, खुडावी तसे.

चौकातल्या टेलरभाऊंकडे गेलो. त्यांनी चौकोन हातात घेतला, पालथा केला आणि उलट्या बाजूकडेच बघत बसले. जाणता माणूस कापडाची उलटी बाजू बघतो, हे मला तिथं कळलं.

"सर, शिलाईत जाणारं कापड कुठी धरलं?"

नव्हतं धरलं. वहीत रेघेला जाडी नसते, हे मीच दरसाल फळ्यावर सांगतो.

"एका बाजूनं दोन सूत, दुसऱ्या बाजूनं दोन सूत. जोड आला का अर्धा इंच गेला समजा," ते म्हणाले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, दोन सूत म्हणजे पाव इंच. "शायेच्या पट्टीवर ते लिवलं नसते."

म्हणजे तुकडा 3 गुणिले 6 चा नव्हे, साडेतीन गुणिले साडेसहाचा कापायचा, आणि चौकोन साडेतीनचा. गंमत पुढं आहे. साडेतीनचे दोन चौकोन मिळून होतात 7 आणि आयत साडेसहाचा, म्हणजे मधे ते अर्धा इंच एकमेकांवर चढतात. त्या चढण्यानं त्रिकोणाचं टोक कापडाच्या कडेला न येता दोन सूत खाली येतं आणि वरच्या मजल्याची शिलाई बरोबर त्या टोकाला शिवून जाते. माझं टोक कडेलाच होतं. शिलाई आली आणि शेंडा घेऊन गेली. हे ऐकून मी एवढा खूश झालो की टेलरभाऊंना सिद्धता लिहून दाखवायला निघालो. त्यांनी गिऱ्हाईक आल्याचं सांगितलं. गिऱ्हाईक मला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी माप बरोबर घेतलं, पण डोकं पुन्हा आडवं आलं. चौकोन शिवायचा आणि अर्धा कापून टाकायचा, ही उधळपट्टी कशाला? सरळ त्रिकोणच कापू ना. कापले. शिवायला घेतले आणि कापड रबरासारखं लांबायला लागलं. कापड उभ्या-आडव्या धाग्यानं ताठ असतं. तिरपं कापलं की ताणलं जातं, टेलर लोक त्याला उरेब म्हणतात. म्हणूनच ही आधी शिवून मग कापायला सांगत होती. वर मी त्याच्यावरून इस्त्री धोतरावर ओढतात तशी ओढली. इस्त्री ठेवायची असते, उचलायची असते, ओढायची नसते. चौकोन उन्हात घातलेल्या पापडासारखा चारी बाजूंनी वळला. बुंध्याचं तर विचारू नका. पँट टेरिकॉटची निघाली आणि सुतीच्या आकड्यावरच्या इस्त्रीखाली आक्रसून चमकायला लागली. पऱ्हाटीच्या मुलुखात राहून टेरिकॉटची पँट घातल्याची शिक्षा.

माय उठून आली. "बाबू, हे काय व्हय?"

"झाड."

"कायचं?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. आमच्या गावात बाभूळ आहे, निंब आहे, धुऱ्यावर पळस आहे. त्यातलं एकही खालून रुंद आणि वर टोकदार नाही. अशी झाडं थंड मुलखात असतात, अंगावरून बर्फ घसरून पडावं म्हणून निमुळती, हे मी मायला समजावलं. नवतप्यात, ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग निंबच काढा ना." पण निंबाला गोलाई आली, आणि गोलाई जोडायची म्हणजे एक कड आत वळते, एक बाहेर. तीन सरळ रेघांत माझी ही गत, तर गोल जोडताना मला सलाइन लावावं लागलं असतं.

मायचं स्वतःचं शास्त्र वेगळं. ती वाकळ शिवते तेव्हा जुनं लुगडं अंथरते, वर चिंध्या पसरते आणि धावदोरा घालत कडेकडेनं आत येते. माप नाही, खडू नाही. तुकडा कमी पडला तर वर दुसरा ठेवते. "कमी पडलं तं ठिगय लावा," एवढं एकच सूत्र तिचं. माझ्या चौकोनाला ठिगळ लावायची सोय नव्हती, हेच त्याचं दुखणं.

चौथ्या दिवशी मी हिच्या रीतीनं केलं. निमूटपणे. चौकोन ठेवले, कर्णावर शिवलं, मग कापलं, इस्त्री वरून दाबली, कूलर बंद. बुंध्याला पोराच्या जुन्या सुती गणवेशाचं कापड. घाम कापडावर पडू नये म्हणून कपाळाला रुमाल बांधला होता. मोजलं : साडेबारा गुणिले साडेबारा. चारी बाजूंचे दोन-दोन सूत गोधडीत गेले की बरोबर 12. तिन्ही शेंडे टोकदार. मी ओरडलोच. चौकोन दोन्ही हातांत धरून स्वयंपाकघरात गेलो. निकालाच्या दिवशी पोरं घरी जातात तसा.

हिनं तव्यावरची भाकर उलटवली, मग बघितलं.

"मधला उलटा हाय."

होता. वरचा त्रिकोण सुलटा, मधला उलटा, खालचा सुलटा. वरून बघितलं तर पतंग, खालून बघितलं तर डमरू. मधला काढायचा म्हणजे वरची शिलाई उसवा, खालची उसवा, बाजूच्या दोन्ही पट्ट्या उसवा. ब्लेड घेऊन ओसरीत बसलो. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण विचारत होता, "काय करून रायले, सर?" उसवताना एक चांगलं असतं, चाक उलटं फिरत नाही.

रात्री दहाला पुन्हा शिवून झालं. एका बाजूला एक सूत कमी भरलं. हिनं हाताखाली घेऊन कापड जरा ओढलं आणि म्हणाली, "चालते." तिची स्वतःची दोन्ही झाडं सोमवारीच झाली होती. माझं तिनं गटाला जादा म्हणून दिलं. बायांनी ते गोधडीच्या त्या कोपऱ्यात लावलं, जो गादीखाली खोचतात.

राहिलं ते पहिलं, शेंडे गेलेलं, 11 गुणिले साडेदहावालं. मायनं त्याच्या पोटात चिंध्या भरल्या, कडेनं धावदोरा घातला आणि चुलीजवळ खिळ्याला टांगलं. सकाळी चहाचं गंज, म्हणजे पातेलं, चुलीवरून उतरवायला घेते.

"झाड बरं हाय," परवा म्हणाली, "हात पोयत नाही."